वाटेत आलेली ग्रंथी

तान्ह्या बाळाची छाती हृदयशस्त्रक्रियेसाठी मधोमध उघडली की हृदयाआधी दिसते ती थायमस. छातीच्या हाडामागे, हृदयावर आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर पसरलेली ही ग्रंथी त्या वयात चांगलीच मोठी असते. ती दूर केल्याशिवाय सर्जनला नीट दिसत नाही, हात चालवता येत नाही. म्हणून कित्येक दशकं ती अर्धी किंवा सगळीच काढली जात आली, आणि त्याबद्दल कुणाला फार विचार करावासा वाटला नाही.

थायमसच्या वाट्याला उपेक्षेआधी संशय आला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शवविच्छेदन व्हायचं ते बहुतेक दीर्घ आजारानं खंगून गेलेल्या गरिबांचं. आजारपणात थायमस आक्रसते. त्यामुळे अचानक दगावलेल्या सुदृढ बाळाची नेहमीच्या आकाराची थायमस डॉक्टरांना ‘वाढलेली’ वाटे, आणि मृत्यूचं खापर तिच्यावर फुटे. ती लहान व्हावी म्हणून असंख्य निरोगी बाळांवर क्ष-किरणांचा मारा झाला. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाल्याचं १९५० पासून उघड होऊ लागलं. हे वाचताना आजही जीव कळवळतो. उपचार करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, तुलना मात्र चुकीची होती.

१९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ती पिल्लं संसर्गानं खंगून मेली, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तर त्यांच्या शरीरानं ती नाकारली नाही. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी इथे तयार होतात हे पुढच्या काही वर्षांत पक्कं झालं.

मग सर्जन थांबले का नाहीत? कारण माणसाचं बाळ उंदराच्या पिल्लासारखं नसतं. आपल्या टी-पेशी गर्भातच रक्तात उतरलेल्या असतात. जन्माच्या वेळी पुरेसा साठा असतो. शस्त्रक्रियेनंतर निळसर ओठ गुलाबी होत, मुलं शाळेत जाऊ लागत. रक्तात टी-पेशी कमी दिसल्या तरी मूल वारंवार आजारी पडत नाही, असाच १९८० आणि ९० च्या दशकांतल्या तपासण्यांचा सूर होता. तो खोटा नव्हता. पण मुलं अजून लहान होती आणि साठा संपायला वेळ लागतो.

२००९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी बालपणी थायमस गमावलेल्या, विशीतल्या तरुणांचं रक्त तपासलं. नव्या संसर्गाला सामोऱ्या जाणाऱ्या, कोऱ्या टी-पेशी त्यांच्यात घटलेल्या होत्या. ज्यांना सायटोमेगॅलोव्हायरसची लागण झाली होती, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसासारखी दिसत होती. ऑस्ट्रियात अशा मुलांचा एका लशीला मिळणारा प्रतिसाद कमी पडला. नेदरलँड्समध्ये मात्र काहींत ग्रंथीचा उरलेला तुकडा पुन्हा वाढून टी-पेशी बनवू लागल्याची चिन्हं दिसली. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ मध्ये अशा रुग्णांत संसर्ग आणि थायरॉइडची मंदावलेली क्रिया अधिक आढळली. हृदयदोषाचा परिणाम कुठे संपतो आणि थायमसच्या अभावाचा कुठे सुरू होतो, हे वेगळं काढणं कठीण आहे. काही हृदयदोषांत थायमस जन्मतःच अपुरी असते.

२०२३ मध्ये बॉस्टनमधून प्रौढांबद्दलचा अभ्यास आला. थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. तिला हात न लावता तशाच छातीच्या शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. हे आकडे मुलांना तसेच लावता येणार नाहीत. पण मोठेपणी थायमस निरुपयोगी असते, या समजाला त्यांनी मोठा तडा दिला.

हृदयदोषाची शस्त्रक्रिया टाळू नये. तिनं अगणित मुलं वाचवली आहेत. पण शक्य असेल तिथे ग्रंथीचा एक खंड तरी राखावा, आणि किती काढली हे डिस्चार्ज कार्डवर स्पष्ट लिहावं, असं मला कळकळीनं वाटतं. वीस वर्षांनी त्या तरुणाला तपासणारा डॉक्टर दुसराच असतो.

काढलेली थायमस पूर्वी फेकून दिली जाई. आता अमेरिकेत, पालकांच्या संमतीनं, तिचे पातळ काप प्रयोगशाळेत जोपासून जन्मतः थायमस नसलेल्या मुलांच्या मांडीत रोवतात; या उपचाराला तिथे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. माद्रिदच्या ग्रेगोरिओ मारान्योन रुग्णालयात हृदयप्रत्यारोपण झालेल्या एका बाळाला त्याच्याच थायमसमधून मिळवलेल्या नियामक टी-पेशी परत देण्यात आल्या, नवं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून.