वाशीचा भाव, पण कधीचा?

वाशीत आज कांदा काय भावाने गेला, हे कळायला जुन्नरच्या शेतकऱ्याला आता आडत्याला फोन लावावा लागत नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘मुंबई – कांदा बटाटा मार्केट’ अशी ओळ सापडली की पुढे आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर क्विंटलच्या हिशेबात हजर. ही ओळ त्या ॲपची स्वतःची मात्र नसते. वाशीच्या बाजारात नोंदलेला आकडा राज्य पणन मंडळाच्या किंवा केंद्राच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळाच्या तक्त्यात जातो. तिथून ॲपवाले, बातम्यांची संकेतस्थळे आणि व्यापाऱ्यांच्या शीट तो ओढून घेतात, स्वतःकडे त्याची प्रत ठेवतात आणि ठरलेल्या वेळाने ती आपोआप ताजी करतात. गूगल शीटमध्ये असा बाहेरून आणलेला तक्ता उघडा ठेवला, तर साधारण तासातासाने पुन्हा आणला जातो. या सोयीतली खोट अशी, की प्रत कधी आणली ते यंत्राला पक्के ठाऊक असते, पण सौदा कधी झाला ते बहुतेकदा वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

मग प्रत ठेवायचीच कशाला, दर वेळी मूळ ठिकाणीच विचारावे, असे कुणी म्हणेल. सकाळी हजारो मोबाइल एकाच सरकारी सर्व्हरवर तुटून पडले तर तो आडवा होईल आणि भाव कुणालाच दिसणार नाही. शिवाय विचारण्याची स्वस्त रीत वेबवर आहेच. मूळ सर्व्हर मजकुरासोबत एक खूणचिठ्ठी देतो. पुढच्या खेपेस ॲप ती दाखवून ‘यात काही बदल?’ एवढेच विचारते. बदल नसेल तर ३०४ हा आकडा परत येतो, अख्खा तक्ता पुन्हा पाठवावा लागत नाही. तेव्हा प्रत ठेवण्याला माझा विरोध नाही. ती घड्याळाच्या ठोक्यावर ताजी केली म्हणजे काम झाले, या समजुतीला आहे.

भाजीपाल्याच्या गाड्या वाशीत रात्रीतूनच लागतात आणि मोठे सौदे सकाळीच उरकतात. त्यानंतर दर तासाला विचारून नवे काही हाती लागत नाही. बाजार बंद असला तर कालचा भाव जुना असूनही शेवटचा म्हणून बरोबरच असतो. याच्या उलट गत ८ डिसेंबर २०२३ ची. केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. जिथे लिलावच झाला नाही तिथे नवा आकडा येणार कुठून? अशा दिवशी एखाद्या पडद्यावर आदल्या दिवसाचा भाव ‘आत्ताच अद्ययावत’ या शिक्क्यासह झळकला, तर यंत्राच्या हिशेबाने ते खरेच ठरते. शेतकऱ्याच्या हिशेबाने तो भाव बंदीपूर्वीच्या बाजाराचा, म्हणजे निकामी.

जोडणी नावावर बेतलेली असली तर आणखी एक घोळ. अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या नावाने शोधणाऱ्या प्रतीला त्यानंतर नव्या ओळी सापडणार नाहीत आणि ती जुन्याच दाखवत बसेल. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये जोडलेल्या माहितीचे नियम मांडले. प्रत्येक गोष्टीला वेबवर स्वतंत्र पत्ता असावा, हा त्यांचा आग्रह इथे कामी येतो. पाटी बदलली तरी पत्ता तोच ठेवता येतो.

भावासोबत सौद्याची तारीख छापावी, हा यावरचा साधा उपाय. ती छापली तरी वाचतो कोण, हा आक्षेप खरा आहे. कोपऱ्यातली बारीक तारीख कुणी वाचत नाही. म्हणून ती आकड्याला चिकटूनच हवी: ‘गुरुवार सकाळचा भाव’. मूळ सर्व्हर बंद पडला तर जुनी प्रत दाखवत राहण्याची मुभा वेबच्या नियमांत २०१० मध्येच नोंदली गेली आहे, आणि ती वापरावीच, कारण कोऱ्या पडद्यापेक्षा कालचा भाव बरा. फक्त तो कालचा आहे हे त्याच ओळीत, त्याच टायपात लिहिलेले असावे. ॲपवाल्याला त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. मूळ तक्त्यात तारखेचा रकाना असतोच, तो प्रत काढताना गाळू नये.