संशोधन आणि आपला वर्ग



‘संशोधन’ हा शब्द कानी पडला की तो आपल्या कामापासून फार दूरचा आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. विद्यापीठातील विद्वानांनी ग्रंथ लिहावेत आणि आपण हजेरीपट भरावा, पाठ घ्यावेत, अहवाल पाठवावेत, अशी जणू कामाची वाटणीच होऊन गेली आहे. ही समजूत बरोबर नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

मनात उठलेल्या शंकेचे उत्तर अंदाजाने न देता पाहून, मोजून व पडताळून देणे, हेच संशोधन होय. याचे उत्तम उदाहरण आपल्या घोलवडच्या शेजारीच घडले. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शहरातील बालमंदिराची पद्धत खेड्यातील गरीब वस्तीत कशी चालवावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मुले येत नाहीत असे दिसताच त्यांनी पालकांना बोल लावला नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया व पाने आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर कार्य सुरू झाल्यावर असे आढळले की, आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेला मुकतात. तेव्हा शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा निघाली. प्रत्येक वेळी क्रम एकच होता : पाहणे, कारण शोधणे, रीत बदलणे व पुन्हा पाहणे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना आज आपण अंगणवाडी याच नावाने ओळखतो.

तथापि, येथे एक शंका उरते. मूल पुढे गेले ते आपल्या प्रयत्नाने, की केवळ वयाने वाढले म्हणून? चिकूच्या वाडीत नवे खत घातले व फळ वाढले, तर श्रेय खताचे की चांगल्या पावसाचे? जाणता बागाईतदार काही झाडे खताविना ठेवतो आणि मग तुलना करतो. मुलांच्या बाबतीत अशी तुलना काळजीपूर्वक करावी लागते, आणि तेथे विद्यापीठांचे साह्य मोलाचे ठरते.

वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या संशोधकांनी 1986-87 मध्ये जमैका बेटावरील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतून वाढ खुंटलेली 129 बालके निवडली. त्यांची वये 9 ते 24 महिने होती. बालकांचे चार गट पाडले. एका गटाला पूरक आहार दिला. दुसऱ्याच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई, आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवी. तिसऱ्याला दोन्ही मिळाले, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. कोणते बालक कोणत्या गटात जावे हे दैवगतीवर सोपविले होते, म्हणजे संशोधकाची आवडनिवड आड येत नाही. हा क्रम दोन वर्षे चालला. सुमारे वीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला, तेव्हा ज्यांच्या आयांना खेळ व संवाद शिकविला होता, त्यांची कमाई इतरांहून सुमारे 25 टक्क्यांनी अधिक भरली.

तो आकडा जसाच्या तसा डहाणू-तलासरीला लावता येणार नाही, कारण देश निराळा आणि मुलेही थोडी. परंतु गरीब घरातील आई, योग्य साह्य मिळाल्यास, बाळाची पहिली शिक्षिका होऊ शकते, हे त्यातून निश्चित दिसते. ताराबाई व अनुताई वस्तीत गेल्या त्यामागील विचाराला या मोजमापाने दुजोराच मिळतो.

आता माझी एक चूक सांगतो. मी नवा शिक्षक असताना माझ्या वर्गात एक मुलगी वारंवार गैरहजर राही. मी तिच्या नावापुढे ‘अभ्यासात रस नाही’ असे लिहिले. पुष्कळ दिवसांनी तिच्या पाड्यावर गेलो. आई वाडीत मजुरीला गेली होती. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन, मी वर्गात सांगितलेली गोष्ट त्याला वारली बोलीत सांगत होती. तिची हजेरी कमी होती हे खरे होते, परंतु कारण मी अंदाजाने लिहिले होते. मी उशिरा गेलो. पुढच्या वर्षी तिचे नाव पटावर राहिले नाही.

म्हणून आपणांस तीन विनंत्या आहेत. पहिली, गैरहजेरीचे कारण घरी जाऊन, विचारूनच नोंदवावे. भाऊ-बहीण सांभाळणे, दिवाळीनंतरचे स्थलांतर, आजार, बोलीची अडचण, ही कारणे वेगवेगळी असून त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. दुसरी, एका वेळी एकच बदल करावा, त्याआधीची व महिन्यानंतरची स्थिती वहीत लिहावी व ती शिक्षण परिषदेत मांडावी. बदल निष्फळ ठरला तरी तेही लिहावे. तिसरी, कोणी संशोधक शाळेत आल्यास त्यांस सहकार्य द्यावे, परंतु पालकांची संमती घेतली आहे ना, हे विचारावे आणि निष्कर्ष पाड्यावर येऊन सांगावेत असा आग्रह धरावा. त्यांना खरेच आकडे द्यावेत. शोभेच्या आकड्यांनी शाळेचे नाव होते, पण मुलाची अडचण झाकली जाते.

विद्यापीठाला शेकडो मुलांवरून नियम सापडतो. पण आज वर्गात कोण आले नाही, आणि का, हे आपणच सांगू शकतो. ते उत्तर अंदाजाने लिहू नये.