उजवीकडे सरकणारी वाट

आमच्या वयात 'पडणे' या क्रियापदाइतके धास्ती घालणारे दुसरे क्रियापद नसेल. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर माझा पाय घसरला आणि उजव्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरात वॉकर आला आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी चार महिने अडकून पडले. हाड यथावकाश सांधले. भीती मात्र तशीच राहिली. न्हाणीघरापर्यंतच्या दहा पावलांतही हात आपोआप भिंत शोधू लागे. जिन्याचे तर नावही नको वाटे.

त्या दिवसांत सुट्टीसाठी आलेल्या नातवाने, म्हणजे मुलीच्या मुलाने, टीव्हीला एक यंत्र जोडले आणि माझ्या हातात बटणांची एक लहानशी पट्टी ठेवली. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हे नाव मला नवीन नव्हते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आपल्याकडे घरोघर आले, त्यांच्या पिवळ्या-काळ्या 'कॅसेटी' मुले फुंकर मारून आत खोचत, ते वाचकांना आठवत असेल. माझ्या मुलीचा तसलाच खेळ मी तिच्या दहावीच्या वर्षी कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. तिने ही गोष्ट आपल्या मुलाला सांगितलेली असावी, कारण पट्टी देताना तो फार गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आजी, आधी अभ्यास झाला का?"

पहिल्या अर्ध्या मिनिटात मी मेले. मशरूमसारखे दिसणारे एक तपकिरी ध्यान समोरून रखडत आले, मारिओला धडकले आणि संपले सगळे. क्षणभराने तो छोटा मिशीवाला माणूस पुन्हा वाटेच्या आरंभी उभा होता. ना टाके, ना प्लास्टर. त्या संध्याकाळी मी वीसेक वेळा तरी पडले असेन, आणि कित्येक महिन्यांनी पडण्यावर हसले.

हा खेळ 13 सप्टेंबर 1985 रोजी जपानमध्ये निघाला. क्योतो येथील निन्तेन्दो कंपनीतील शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार, तर संगीत कोजी कोन्दो यांचे. मियामोतो यांनी 1981 साली 'डाँकी काँग' केला, तेव्हा हाच नायक एका स्थिर पडद्यावर शिड्या चढत आणि पिंपांवरून उड्या मारत असे. पुढच्या खेळात त्याला लांबच लांब वाट मिळाली. आपण चालू लागलो की दृश्य आडवे सरकते आणि उजवीकडून नवे जग उलगडत जाते. फळ्या, विटा, नळ आणि खड्डे यांवरून उड्या घेत पुढे जायचे, एवढेच काम. या मूळ खेळात पडदा डावीकडे परत सरकत नाही. मागे राहिलेले नाणे मागेच राहते.

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. म्हणून मला या खेळाचे सर्वांत जास्त अप्रूप वाटले ते त्याच्या पहिल्या पाठाचे. आरंभी मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कुठे जायचे, हे कुणी सांगत नाही. ती जागाच सांगते. मग प्रश्नचिन्ह असलेला लुकलुकणारा ठोकळा दिसतो आणि हात शिवशिवतात. त्यावर डोके आपटले की नाणे मिळते. पुढच्या ठोकळ्यातून एक मशरूम निघते. मघाच्या शत्रूसारखेच दिसते म्हणून नवखा खेळाडू घाबरतो. पण ते घरंगळत जाऊन नळाला आपटते आणि उलट आपल्याच दिशेने येते. डोक्यावर विटा असल्याने उडी मारून ते चुकवणेही अवघड. ते अंगावर येते आणि मारिओ मोठा होतो. हा सापळा मियामोतो यांनी जाणूनबुजून लावला होता. एक शब्दही न लिहिता विद्यार्थ्याला 'हे चांगले आहे' असे पटवून देणारा पाठ मला तीस वर्षांत साधला नाही.

त्याच वाटेवर पुढे दोन जिने समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये अंतर असते. पहिल्या जोडीत खाली जमीन आहे. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. अगदी तशीच दुसरी जोडी येते, तेव्हा मध्ये खरा खड्डा असतो. आधी सुरक्षित सराव, मग जोखीम. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी जिन्याचे पाठ याच क्रमाने दिले होते: आधी घरातल्या एका ठेंगण्या पाटावर, मग कठडा धरून खऱ्या पायरीवर, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मी हे साम्य त्यांना सांगितले, तेव्हा त्या हसल्या आणि पाटावरच्या फेऱ्या दहाच्या पंधरा केल्या.

उडीविषयीही सांगायला हवे, कारण या प्रकारच्या खेळांचा प्राण उडीतच आहे. बटण थोडे दाबले तर उडी ठेंगणी, दाबून धरले तर उंच. हवेत असतानाही दिशा किंचित बदलता येते. खऱ्या जगात हे अशक्य. पण त्यामुळेच चूक झाली तर ती यंत्राची नाही, आपली होती आणि ती सुधारता येईल, असे वाटते. उडी हाताला पटली की खेळ चांगला, नाहीतर चित्रे कितीही देखणी असोत, सारे व्यर्थ. त्या काळी जागाही किती थोडी! अख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये बसवला आहे. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. हे कळल्यापासून मला ढग पाहिले की हसू येते.

नातवाने नंतर इतरही खेळ दाखवले. 1991 चा 'सॉनिक' हा निळा साळिंदर इतका सुसाट धावतो की माझी नजर त्याच्या मागेच राहिली. 'कर्बी' (1992) मात्र मनापासून आवडला. मासाहिरो साकुराई यांनी तो नवख्यांसाठीच रचला. तो गुलाबी गोळा तोंडात हवा भरून तरंगू शकतो, त्यामुळे खड्ड्याची धास्ती निम्मी होते. 1995 च्या 'योशीज आयलंड'मधील दृश्ये मुलांनी खडूने रंगवल्यासारखी आहेत. 'रेमन लेजेंड्स'मध्ये काही टप्पे गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारत पार करायचे असतात. ज्यांचा कान तयार आहे, त्यांनी ते अवश्य पाहावेत.

ज्येष्ठांसाठी निवड करताना 2023 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' मी आधी सुचवीन. त्यातले योशी आणि नॅबिट या पात्रांना शत्रूच्या धक्क्याने इजा होत नाही. सांभाळायचे ते खड्डे. शेजारी बसून दोघे खेळत असतील तर पडलेला खेळाडू थोडा वेळ भुतासारखा तरंगतो आणि सोबत्याने स्पर्श केला की परत येतो. जुना मूळ खेळ निन्तेन्दोच्या स्विच यंत्रावर सदस्यत्व घेऊन खेळता येतो. तिथे चुकलेली उडी मागे नेऊन पुन्हा मारण्याचीही सोय आहे. तिला लबाडी म्हणणाऱ्यांनी माझे अंगठे पाहावेत.

काळजी घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. वायर जमिनीवर पसरू देऊ नका. खेळताना नव्हे, त्यानंतर उठताना पाय अडकतो. बिनवायरीचे कंट्रोलर त्यासाठी बरे. हात टेकायला जागा असलेली खुर्ची हवी आणि उठताना आधी क्षणभर बसून राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर नक्कीच. अंगठ्याचे सांधे दुखत असतील तर पंधरा-वीस मिनिटांवर थांबावे. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी लुकलुकत्या दृश्यांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एक विनंती: आजोबांची उडी चुकली म्हणून त्यांच्या हातून कंट्रोलर ओढून घेऊ नका. वेळाचे आकडे उतरत शंभराच्या आत आले की संगीताची लय वाढते, तीच घाई त्यांना पुरेशी असते.

या खेळांनी स्मरणशक्ती वाढते का, हे मला अनेक जण विचारतात. कॅनडात 55 ते 75 वर्षांच्या व्यक्तींवर झालेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. सहा महिने 'सुपर मारिओ 64' खेळलेल्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, करड्या द्रव्याची वाढ दिसली. परंतु सहभागी थोडे होते, आणि तो खेळ आडवा सरकणारा नसून चहूबाजूंनी फिरता येणारा, त्रिमितीय आहे. तेव्हा या आधारावर औषध म्हणून कुणी मारिओ घेऊ नये. माझा पाय व्यायामाने सुधारला, खेळाने नव्हे. भीतीही पुरती गेलेली नाही; ओली फरशी दिसली की आजही पोटात गोळा येतो. फक्त, दुपारी तीन ते पाच हे जे दोन तास मी पूर्वी छताकडे पाहत काढत असे, त्यांत आता आम्ही दोघे भांडत असतो. तो परत गेला की फोनवर भांडतो.

पहिल्यांदा जिना उतरले तो दिवस मार्गशीर्षातला होता. पुढे फिजिओथेरपिस्ट ताई, मागे नातू. दुसऱ्या मजल्यावर मी थांबले, कठडा घट्ट धरला आणि खाली पाहिले. मागून हलकेच आवाज आला, "आजी, इथे खाली जमीन आहे."

आम्ही फाटकापर्यंत जाऊन आलो. खेळात अजून तिसऱ्या जगाच्या पहिल्या वाटेवरच आहे. तिथे रात्रीच्या आकाशाखाली हातोडे फेकणारी दोन कासवे उभी आहेत, आणि त्यांना कसे चुकवायचे ते नातू सांगायला तयार नाही.