क्षिप्रेचे पाणी आणि उद्योगांचे आयुष्य

५ जानेवारी २०१९ रोजी शनि अमावास्या होती. पर्वस्नानासाठी दूरदूरच्या गावांतून निघालेले हजारो भाविक उज्जैनच्या त्रिवेणी घाटावर पोहोचले, तेव्हा क्षिप्रेच्या पात्रात पाणीच नव्हते. होता तो चिखल. नर्मदेचे पाणी वेळेवर सोडले गेले नाही, म्हणून लोकांनी तो चिखलच अंगाला लावून घेतला आणि ते घरी परतले. दोनच दिवसांत विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्या बदल्या झाल्या. अधिकारी बदलले, नदी मात्र होती तशीच राहिली. पुढचा सिंहस्थ २०२८ साली उज्जैनला भरणार आहे. आपल्या किनारपट्टीवरूनही असंख्य भाविक तेथे जातील. त्या वेळी रामघाटावर त्यांच्या ओंजळीत काय येईल, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे; कारण या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राकडे नाही. ते कारखानदारांच्या हिशेबवह्यांत, नगरपालिकांच्या गटारांत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कपाटांत आहे.

उज्जैन आम्हांला परके नाही. अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे आपल्याच किनाऱ्याकडच्या शेणवी समाजातले. दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरीस हलवीपर्यंत शिंदेशाहीची राजधानी उज्जैनलाच होती. आजही तेथील गल्ल्यांतून मराठी घरे सापडतात. तेव्हा क्षिप्रेची दुर्दशा ही दूरच्या कुठल्यातरी प्रांताची बातमी आहे, असे मानून आम्ही पान उलटू शकत नाही. त्याहूनही महत्त्वाचे कारण पुढे येईलच.

क्षिप्रेचा रोग समजून घ्यावयाचा तर इंदूरपासून सुरुवात करावी लागते. इंदुरातून वाहत येणारी खान नदी, जिला हल्ली कान्ह म्हणतात, उज्जैनच्या वेशीवर त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. कित्येक दशके इंदूरचे मैलापाणी आणि सांवेर मार्गावरील कारखान्यांचे सांडपाणी या नदीनेच वाहून आणले. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी त्यावर एक तोड काढण्यात आली. खानचे पाणी अडवून नळवाहिनीने घाटांना वळसा घालून पुढे नेण्यात आले. ती योजना अपुरी पडली. आता सुमारे तीस किलोमीटरचा बंद कालवा हाती घेण्यात आला असून त्यावर शेकडो कोटी रुपये खर्ची पडत आहेत. या कालव्यातले पाणी गंभीर नदीत सोडावयाचे आहे. आणि गंभीर ही क्षिप्रेचीच उपनदी! म्हणजे दिवाणखान्यातला केर माजघरात ढकलण्याचाच हा प्रकार झाला. घाटावर जो स्नान करणार त्याची सोय झाली. पण खालच्या अंगाला जो शेतकरी ते पाणी पिकाला देणार, जी बाई त्या काठावर गुरे पाजणार, त्यांचे काय?

दुसऱ्या बाजूने क्षिप्रेत पाणी आणण्याचीही खटपट झाली. ४३२ कोटी रुपयांच्या नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोड योजनेचे २०१४ साली उद्‌घाटन झाले. नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच उचलून क्षिप्रेच्या उगमाशी आणून सोडावयाचे, अशी ती योजना. तांत्रिकदृष्ट्या हे काम मोठे आहे, यात संशय नाही. पण ज्या नदीचे स्वतःचे झरे आटले आणि जिच्या उपनदीत गटारे सोडली गेली, तिला विजेच्या बळावर दुसऱ्या नदीचे पाणी पाजून जिवंत ठेवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? तो सरकारी तिजोरी सोसते, म्हणजे तुम्ही-आम्ही सोसतो. ज्यांनी पाणी बिघडविले त्यांच्या हिशेबात या खर्चाची एक ओळही नसते. अर्थशास्त्राची मोठी परिभाषा बाजूस ठेवली, तर प्रदूषण म्हणजे नफा आपल्या खिशात आणि खर्च शेजाऱ्याच्या अंगावर, इतकेच होय.

आता त्याच उज्जैन जिल्ह्यातली दुसरी नदी पाहू. मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील नागदा हे गाव चंबळेच्या काठी आहे. १९५४ साली तेथे ग्वाल्हेर रेयॉनचा, आजच्या ग्रासिमचा, कृत्रिम धाग्याचा कारखाना उभा राहिला. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड आणि गंधकाम्ल यांची प्रक्रिया करून हा धागा काढतात. या उद्योगाने एका लहानशा गावाचे औद्योगिक नगर केले, हजारो कुटुंबांना भाकरी दिली. आणि चंबळेच्या पाण्याविषयीच्या तक्रारीही तितक्याच जुन्या झाल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित टापूंची यादी केली, तेव्हा नागदा-रतलाम हे नाव तीत होते.

या कथेला एक बाजू अशीही आहे, की जी उद्योजकांनी लक्ष देऊन वाचावी. याच कारखान्याला उन्हाळ्यात चंबळेचे पाणी पुरेनासे झाल्यामुळे उत्पादन थांबविण्याची पाळी आली आहे. नदी कारखान्याची मिंधी नसते. कारखानाच नदीचा मिंधा असतो, हे निसर्गाने दाखवून दिले. पुढे कंपनीने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभी केली आणि नागद्याच्या धागाविभागातून एक थेंबही सांडपाणी बाहेर जात नाही, असे जाहीर केले. या दाव्याची तपासणी स्वतंत्रपणे व सातत्याने व्हावी, हे आमचे म्हणणे आहेच. पण मुद्दा असा, की जे तंत्र परवडणार नाही म्हणून वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ते पाण्याच्या टंचाईने आणि कायद्याच्या रेट्याने परवडू लागले.

याच कंपनीचा दुसरा कारखाना केरळात चालियार नदीकाठी मावूर येथे होता. १९८५ मध्ये तो कामगारतंट्यातून बंद पडला, १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २००१ मध्ये कायमचा बंद झाला. कच्च्या मालाची अडचण, कामगारांचे प्रश्न आणि नदीच्या प्रदूषणाविरुद्धचे दीर्घ आंदोलन अशी अनेक कारणे त्यामागे होती. नदीकाठच्या लोकांना विषाची भीती आणि कारखान्यातल्या कामगारांना उपासमारीची भीती! दोघेही एकाच गावचे, दोघेही गरीब. वेळीच शुद्धीकरण न झालेल्या उद्योगाचा शेवट असा शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर उभा करतो. उद्योग बंद पडण्याचे दुःख माळव्याला नव्याने सांगावयास नको. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९२ साली बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा निर्णायक धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. एकतीस वर्षे! त्या गिरणीच्या बंद पडण्याशी प्रदूषणाचा संबंध नव्हता. पण बंद दरवाजासमोर कामगार किती वर्षे उभा राहू शकतो, हे तीवरून कळते. म्हणूनच कारखाने सरसकट बंद करा, अशी सवंग मागणी आम्ही करीत नाही.

आपला देश विकसनशील आहे. आधी पोट भरू द्या, नदीचे मग पाहू, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो करणारे १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील इंदिरा गांधींच्या भाषणाचा दाखला देतात. दारिद्र्य आणि प्रदूषण यांचे नाते त्यांनी तेथे जगासमोर मांडले, हे खरे. पण त्याच इंदिरा गांधींच्या सरकारने दोन वर्षांत, १९७४ साली, जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला, हे सांगावयास मंडळी सोयीस्करपणे विसरतात. १९८१ मध्ये हवेचा कायदा आला. १९८४ च्या डिसेंबरात उज्जैनपासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवरील भोपाळात एका रात्रीत हजारो माणसे मेली, तेव्हा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जो बिघडवील त्यानेच भरून द्यावे, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. २०१० मध्ये हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. २०१७ मध्ये, चालू स्थितीतली शुद्धीकरण यंत्रणा असल्याखेरीज कारखान्याला उत्पादन करू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. तेव्हा कायद्यांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. दुष्काळ आहे तो अंमलबजावणीचा.

अलीकडे कायद्याचा रोखही बदलला आहे. २०२३ चा जनविश्वास कायदा आणि जलकायद्याची २०२४ ची दुरुस्ती यांनी बहुतेक अपराधांसाठी तुरुंगवास काढून टाकून दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. उद्योगाला सुलभता हवी, असे याचे समर्थन केले जाते. तुरुंगवासाच्या कलमाने आजवर फारसे कोणी तुरुंगात गेले नाही, हे मान्य करावे लागेल. नित्य वसूल होणारा दंड हा कधीच न होणाऱ्या शिक्षेपेक्षा बरा. पण पंधरा लाखांचा दंड हा एखाद्या छोट्या रंगाऱ्याचा संसार उठवील, आणि प्रचंड उलाढालीच्या कारखान्याला तो पावती फाडून द्यावयाचा किरकोळ खर्च वाटेल. दंड हा झालेल्या नफ्याच्या आणि केलेल्या नुकसानीच्या प्रमाणात नसेल, तर ती शिक्षा राहत नाही. तो प्रदूषणाचा परवाना होतो.

उज्जैनजवळ भैरवगडला कापडावर ठसे मारण्याची आणि मेणाच्या छपाईची पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे. या कारागिराला रंग धुवावयास पाणी लागते आणि ते रंगीत पाणी कोठेतरी जाते. त्याने एकट्याने शुद्धीकरण यंत्रणा उभारावी, असे म्हणणे म्हणजे त्याने धंदा सोडावा असे म्हणणे होय. अशांसाठी सामाईक शुद्धीकरण केंद्र सरकारने उभे केले पाहिजे. उलट, जिचे गटार सर्वांत मोठे ती नगरपालिका मात्र नोटिशीच्या पलीकडे सुरक्षित असते. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७,२३६ कोटी लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते जेमतेम २,०२३ कोटी लिटर. म्हणजे शंभरातले बहात्तर भाग तसेच नदीनाल्यांत! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा न्याय तो हाच.

आमच्या गोमंतकीय वाचकांना या साऱ्यातले मर्म वेगळे समजावून देण्याची गरज नाही. आपण ते भोगले आहे. लोहखनिजाच्या भरभराटीच्या काळात नियम दाखविणारा माणूस विकासाचा शत्रू ठरत होता. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या शेतांत खाणीची माती उतरत होती, विहिरींचे पाणी खाली जात होते, आणि परवाने देणारे दुसरीकडे पाहत होते. मग शहा आयोगाचा अहवाल आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. २०१४ मध्ये उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली, आणि २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द होऊन पुन्हा सारे थंडावले. मांडवीतल्या बार्जी गंजल्या, कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. लिलावानंतर आता काही खाणी पुन्हा सुरू होत आहेत. पण मधल्या काळात ज्याचे हप्ते थकले, त्याची वर्षे कोणी परत करणार नाही. खाणधंद्याला कडक नियमांनी बुडविले, असे म्हणणारे अजूनही भेटतात. आमचे मत नेमके उलट आहे. त्याला नियमांच्या ढिलाईने बुडविले. दरवर्षी थोडा थोडा लगाम खेचला गेला असता, तर एके दिवशी गाडीच उलटण्याची वेळ आली नसती.

उज्जैनपुढे आज हाच धडा आहे. मार्च २०२४ मध्ये तेथे मोठी औद्योगिक परिषद भरली. विक्रम उद्योगपुरीत नवे कारखाने येत आहेत. ते यावेत. माळव्याच्या तरुणांना काम मिळावे. परंतु कारखान्याचा पाया भरण्याआधी पाणी कोठून येणार आणि कोठे जाणार, याचा हिशेब जाहीर व्हावा. प्रदूषण नियंत्रण मंडळांत पुरेसे तज्ज्ञ व कर्मचारी नेमावेत आणि त्यांच्या मानेवरचा मंत्रालयाचा हात काढावा. पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला गावच्या पंचायतीच्या फळ्यावर लोकभाषेत लागावेत. नगरपालिकेला आणि गिरणीमालकाला एकच माप लावावे. वसूल झालेला दंड ज्या नदीचा, त्याच नदीच्या काठी खर्च व्हावा. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही, आणि एकीसाठीही नवा कायदा लागत नाही.

सिंहस्थासाठी घाट रंगतील, रस्ते रुंद होतील, दिव्यांच्या माळा लागतील. नर्मदेचे पाणी सोडून तेवढे दोन महिने क्षिप्रा भरलेलीही दिसेल. पण यात्रा उठल्यानंतर, मेच्या उन्हात, पंप बंद झाल्यावर तिच्यात काय वाहते, हे पाहावयास कोण थांबणार? तेथील शेतकरी, छिपा आणि कामगार थांबणार आहे, कारण त्याला दुसरी नदी नाही. उद्योगालाही दुसरी नदी नसते. हे ज्या दिवशी उद्योजकाच्या हिशेबवहीत लिहिले जाईल, त्या दिवशी क्षिप्रेची शुद्धी सुरू झाली असे आम्ही मानू.