बिनदुधाचं चॉकलेट, गुळाच्या गावात

वसुबारसेला संध्याकाळी गाय-वासराची पूजा होते, आणि अनेक घरांतल्या बायका त्या दिवशी दूध, दही, ताक, तूप यांतलं काहीच तोंडात घालत नाहीत. गहू आणि मूगही चालत नाहीत. त्या दिवशीचं दूध वासराचं, असं मोठ्या बायका सांगत आल्या आहेत. म्हणजे आपली दिवाळी सुरू होते तीच दुधातुपाला हात न लावता. पुढचे चार दिवस मात्र बेसनाचा लाडू तुपात, शंकरपाळ्यांचं मोहन तुपाचं, बर्फी खव्याची. ज्याला दूध सोसत नाही किंवा ज्याने ते विचारपूर्वक सोडलं आहे, त्याने फराळाच्या ताटातून चिवडा तेवढा उचलावा.

कोल्हापुरात ही अडचण जास्तच जाणवते, कारण हे गाव दुधावर पोसलेलं आहे. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’, गावोगावच्या गोठ्यांपर्यंत पोचला आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला माणसं आजही जातात. त्या दुधाबद्दल मला प्रेमच आहे. तरीही पुण्या-बंगळूरहून दिवाळीला येणाऱ्या भाचरांपैकी एखादी ‘मावशी, मी व्हीगन झालेय’ असं सांगते, तेव्हा तिच्यासाठी महागाच्या दुकानातून बदामाचं पीठ आणि मेपल सिरप शोधत फिरायची गरज नाही, एवढं मला मनापासून सांगायचं आहे. बिनदुधाची, ओव्हन न लागणारी चॉकलेटची मिठाई करायला लागणारं जवळजवळ सगळं सामान शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि आजरा-चंदगड एवढ्या टापूत मिळतं. बाहेरून आणायचा तो फक्त कोको.

आणि कोकोचं दुधाशी नातं तसं अलीकडचंच. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली माणसं हजारो वर्षं कोको पीत होती, ती पाण्यातून, कधी मिरची घालून. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हान हाउटन यांच्या यंत्राने कोकोतलं लोणी दाबून वेगळं काढता येऊ लागलं आणि उरलेल्या पेंडीची पूड झाली. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खायच्या चॉकलेटची वडी केली, तीही बिनदुधाचीच. स्वित्झर्लंडच्या व्हवे गावात डॅनियल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास दुधाचं चॉकलेट केलं, तेव्हा कुठे दूध आलं. शेंगदाणा आणि काजू हेही त्याच खंडातून आलेले. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला. तीळ मात्र इथलाच. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. चॉकलेटमध्ये शेंगदाणा घातला तर ते एकाच मुलखातले जुने शेजारी पुन्हा भेटतात, आणि त्यात गूळ-तीळ घातले की मिठाई आपली होते.

आता गुळाकडे येऊ, कारण सगळा पदार्थ त्याच्यावर उभा आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हापासून हंगामाला खरा जोर चढतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतात, ती काढता काढता गुळव्या नुसत्या डोळ्यांनी पाक ओळखतो, आणि रस घट्ट व्हायच्या आधी जी उतरवून घेतात ती काकवी. परदेशी पाककृतीत जिथे मध किंवा मेपल सिरप लिहिलेलं असतं, तिथे काकवी घालावी. मध व्हीगन लोक खात नाहीत, काकवी खातात, आणि तिची खमंग, किंचित खारट चव कोकोला मधापेक्षा जास्त शोभते, असं माझं ठाम मत आहे.

गूळ निवडताना पिवळाधमक बघू नये. तो रंग बहुतेकदा हायड्रॉसचा, म्हणजे रंग उजळायच्या रसायनाचा असतो. तपकिरी, फोडल्यावर कणीदार तुटणारा गूळ घ्यावा. चिकट, हाताला ओल लागणारा गूळ पोळीला चालेल, चॉकलेटला चालत नाही.

का चालत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. घरी केलेलं चॉकलेट बिघडतं ते मुख्यतः पाण्याने. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोकोच्या लोण्यात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचे दोन-चार थेंब पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पातळ, चकचकीत चॉकलेटचा क्षणात खरबरीत गोळा होतो. चांगल्या गुळातही थोडं पाणी असतंच, शिवाय तो हवेतली ओल ओढतो. म्हणून गूळ वितळलेल्या चॉकलेटमध्ये कधीही घालू नये. गूळ दाण्यांत मिसळावा आणि चॉकलेट बाहेरून लावावं. काकवीलाही हाच नियम. पावसाळ्यात आपल्याकडे हे काम करूच नये. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते, हा या सणाचा मोठा फायदा. चॉकलेट वितळवताना खालच्या पातेल्यातली वाफ भांड्यात शिरू नये म्हणून वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद घ्या, झाकण ठेवू नका, लाकडी चमचा वापरू नका; त्यात ओल लपलेली असते.

दुसरा शत्रू उष्मा. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं. पण ते सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं आणि त्यांतला एकच प्रकार टणक, चकचकीत, कट्कन तुटणारा असतो. तो साधायचा तर काळं चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, मग २८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं. थर्मामीटर नसेल तर घरगुती वाट अशी: दोन भाग चॉकलेट वितळवून खाली उतरवा, एक भाग बारीक चिरलेलं चॉकलेट त्यात थोडं थोडं घालून ढवळत राहा. न वितळलेल्या तुकड्यांतले चांगले स्फटिक बाकीच्याला वळण लावतात. चमच्याच्या टोकाने थेंबभर खालच्या ओठाला लावून पाहा; किंचित गार लागलं की तयार. हे काम दुपारी नको. ऑक्टोबरच्या दुपारी आपल्या स्वयंपाकघरात पारा तिशीच्या वर असतो आणि वडी गोठतच नाही. पहाटे, अभ्यंगस्नानाची पाणी तापवायची वेळ असते तेव्हा करावं.

थंड देशांतल्या पाककृती इथे फसतात त्या याच जागी. त्या चॉकलेटमध्ये सढळ हाताने खोबरेल तेल घालायला सांगतात. खोबरेल २४ अंशांना वितळतं. लंडनमध्ये ते डब्यात घट्ट लोण्यासारखं असतं, आपल्याकडे थंडीचे काही आठवडे सोडले तर बाटलीतून ओतता येतं. अशी वडी शीतकपाटातून बाहेर काढली की ताटात पाच मिनिटांत ओघळते. पाहुण्यांना डब्यातून द्यायची मिठाई असेल तर खोबरेल टाळावं, किंवा साच्याला पुसण्यापुरतंच वापरावं.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ. सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात आवडणारा, शेंगदाण्याचा काळा लाडू. दोन वाट्या शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर खरपूस भाजून, पूर्ण गार करून सोलावे. काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा निवडून फेकून द्यावा. त्यावर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही. दाण्यांचं कूट मिक्सर थांबवत थांबवत करावं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. कूट मुठीत दाबल्यावर गोळा धरू लागलं की ते सुटायला लागलं असं समजावं. मग पाऊण वाटी किसलेला गूळ, तीन मोठे चमचे कोको पूड, अर्धी वाटी भाजलेले तीळ आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा दोनदा फिरवावं. कोको तेल शोषून घेतो, म्हणून नेहमीच्या दाण्याच्या लाडवापेक्षा कूट थोडं जास्त फिरवावं लागतं. मिश्रण कोरडं वाटलं तर दूध-पाणी नको, एक चमचा काकवी पुरते. उखळात कांडून गुळासह वळलेला दाण्याचा लाडू आपल्या आज्या-पणज्या करतच होत्या, त्यात तूप नव्हतं आणि भट्टीही नव्हती. आपण त्यात फक्त कोको घालतो आहोत. हे लाडू पंधरा दिवस छान राहतात.

काजूसाठी कोकणात उतरायची गरज नाही. आजरा आणि चंदगड तालुक्यांत काजूच्या बागा आहेत आणि प्रक्रिया करणारे कारखानेही. तुकडा काजू घ्या. अख्ख्यापेक्षा स्वस्त पडतो आणि चवीत काही कमी नसतो. काजू-कतली मुळात काजू आणि साखर एवढ्याचीच असते, दूध तिच्यात नसतंच. तूप येतं ते ताटाला लावायला आणि मळताना. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक, त्यात दोन वाट्या काजूची पूड, मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवायचं आणि खोबरेलाच्या हाताने मळून लाटायचं. पूर्ण गार आणि कोरडी झाली की वर वितळलेल्या काळ्या चॉकलेटचा पातळ थर पसरायचा आणि तो घट्ट व्हायच्या आत सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात रेघा मारून घ्यायच्या. घट्ट झाल्यावर कापायला गेलं तर चॉकलेट तडकतं. परदेशी कृतींत काजू रात्रभर भिजवायला सांगतात. आपल्या हवेत भिजवलेल्या काजूची मिठाई दोन दिवसांत आंबूस होते.

नारळाच्या दुधाचे मऊ गोळे हा तिसरा प्रकार. इथे एक गंमत आहे. थेंबभर पाण्याने गोळा होणारं चॉकलेट भरपूर पाणी एकदम मिळालं तर पुन्हा सैल, मुलायम होतं, कारण मग साखर पूर्ण विरघळते आणि लोण्याचे थेंब पाण्यात विखरून राहतात. म्हणून २०० ग्रॅम बारीक चिरलेल्या चॉकलेटवर १०० मिलिलिटर कढत, पण न उकळलेलं जाड नारळाचं दूध एकदम ओतायचं, मिनिटभर हात लावायचा नाही, मग मधोमधून ढवळायचं. तीन-चार तास गार करून गोळे वळायचे आणि कोकोत घोळायचे. यात चिमूटभर संकेश्वरी मिरचीची पूड घालून पाहा. गडहिंग्लजच्या बाजारातली ही मिरची रंगाने लाल आणि चवीला तिखट, आणि कोकोला मिरचीची सवय आपल्या कितीतरी आधीपासून आहे. हे गोळे मात्र शीतकपाटातच ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.

मुलांना कामाला लावायचं असेल तर भाजलेले दाणे, काजूचे तुकडे, तीळ वितळलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून चमच्याने बटर पेपरवर सोडायला द्या. नीट वळण लावलेलं चॉकलेट असेल तर महिनाभर टिकतात. पुढे त्यावर पांढरट थर दिसला तर ती बुरशी नव्हे. लोणी किंवा साखर वर आलेली असते, खायला हरकत नाही.

बाजारात चॉकलेट घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बेकरी-सामानाच्या दुकानात ‘डार्क कंपाउंड’ म्हणून ज्या स्वस्त लाद्या मिळतात, त्यांत कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पतिजन्य तेल गोठवून घातलेलं असतं. त्यांना वळण लावायची खटपट पडत नाही, पण जिभेवर मेणचटपणा राहतो, आणि नाव डार्क असून आत दुधाची पूड असू शकते. वेष्टनावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. कोको आणि कोकोचं लोणी वरच्या नावांत दिसलं पाहिजे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूध त्यात चालतं. व्हीगन पदार्थांसाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले. हिरव्या चौकोनात ‘व्ही’ हे अक्षर आणि वर पान, अशी त्याची खूण आहे. चांदीच्या वर्खाचंही लक्षात ठेवा. पूर्वी तो जनावरांच्या आतड्याच्या पदरांत ठेवून ठोकत. २०१६ मध्ये तसा बनवायला बंदी घालणारा नियम प्राधिकरणाने काढला होता. तरी सुटा, बिननावाचा वर्ख घेऊ नये. वर्खाऐवजी भाजलेले तीळ भुरभुरले तर काही बिघडत नाही.

आणि शेजारीपाजारी डबे पाठवताना एक काम आठवणीने करा: कोको असला की आत काय आहे ते बाहेरून ओळखू येत नाही, आणि शेंगदाणे, काजू, तीळ यांची काही जणांना गंभीर ॲलर्जी असते. घटकांची चिठ्ठी झाकणावर चिकटवल्याशिवाय डबा घराबाहेर देऊ नका.