एक-तीन-चार-दोन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुट्टीच्या दिवशीसुद्धा सगळी शटरं खाली नसतात. सकाळचे नऊ वाजलेत. एरवी लेथच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, त्या गल्लीत आज एका पत्र्याच्या शेडपुढे चार गाड्या उभ्या आहेत. सगळ्यांत पुढे पांढरी प्रीमियर पद्मिनी. तिच्यामागे आकाशी रंगाची स्टँडर्ड हेराल्ड. भिंतीला लागून उघडी जीप आणि कडेला, अर्धी उन्हात, लाल मारुती ८००. पेट्रोल, ग्रीस आणि नुकत्याच आलेल्या चहाचा वास एकात एक मिसळलाय.

पद्मिनीचं बॉनेट उघडं आहे. मालक निवृत्त शिक्षक; शेडमध्ये सगळे त्यांना सर म्हणतात. सरांच्या अंगात जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत काळं. मिस्त्री त्यांच्याहून थोडे मोठे. ते सगळ्यांचे मामा. गेल्या पावसाळ्याअखेर घाट चढताना गाडी तापली आणि अॅल्युमिनियमचं हेड वाकलं. हेड आता फेसिंग करून परत बसलंय. अडलंय ते हेडच्या पुढच्या तोंडाशी बसणाऱ्या एका एल्बोमुळे. इंजिनातलं गरम पाणी याच एल्बोतून रेडिएटरकडे जातं. जुना एल्बो आतून इतका खाल्लाय, की बोटाने दाबलं तर भुगा पडतो.

“बोअरचं पाणी घालायचं न्हाई, म्हणून किती येळा सांगितलं सर,” मामा म्हणतात. “कूलंट घाला. क्षारानं अॅल्युमिनियम खाऊन टाकलं बघा.”

सर मान डोलावतात आणि तुकडा उन्हाला धरून मारुतीवाल्या पोराला आतली छिद्रं दाखवतात. पोरगा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी आहे. सर त्याला शिकवल्यासारखं सांगू लागतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. पुढे याच फियाट ११०० चं नाव पद्मिनी झालं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबाला. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. “टॅक्सी गेल्या, तसे पार्टवालेही गेले,” सर म्हणतात. “आता आपणच करून घ्यायचं.”

कसं करून घ्यायचं, ते चालतच गल्लीत येतं. शेजारचा लेथवाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू घेऊन आलाय. कागद उलगडतो. आत चकचकीत नवा एल्बो. तोंडाची बाजू नुकतीच लेथवर मारलेली, अजून कोमट. काल पलीकडच्या फाउंड्रीत तो ओतला गेला. कोल्हापूरला हे जमतं, कारण इथे पॅटर्न करणारा, ओतणारा आणि लेथ मारणारा एका हाकेच्या अंतरावर असतात. जुना तुकडा नुसता वाळूत दाबून ठसा घेतला असता तर नवा भाग लहान झाला असता. अॅल्युमिनियम थिजताना आकसतं, शंभर मिलिमीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याने आधी खाल्लेल्या जागा पुटीने भरल्या, मग मापात श्रिंकेज धरून लाकडाचा वेगळा पॅटर्न केला आणि जिथे लेथ मारायचाय तिथे जादा जाडी ठेवली.

मामा एल्बो हातात फिरवतात, तोंडावर अंगठा घासतात. “बेस्ट झालाय.” लेथवाला फक्त हसतो आणि चहाचा कप उचलतो. मामा गॅस्केटचा कागद एल्बोच्या तोंडावर धरतात आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करतात. कडेवरच कागद तुटत जातो. कात्री न लावता बोल्टच्या भोकांसकट नेमकं गॅस्केट तयार होतं. मी डोळे मोठे करून बघतो. मामांना त्यात विशेष काही वाटत नाही.

गॅस्केटला सीलंट लावलंय, ते सुकायला वेळ द्यायचा आहे. सगळे हेराल्डकडे वळतात.

हेराल्डचं बॉनेट उघडलं की गाडीचं अख्खं तोंडच पुढे कलतं, मडगार्डांसकट. इंजिन आणि पुढची दोन्ही चाकं मोकळी. मालकीणबाई डॉक्टर आहेत, शेडमध्ये सगळ्यांच्या ताई; गाडी त्यांच्या वडिलांची. त्या डाव्या टायरवर बसून कार्बोरेटर उघडतायत. या गाडीखाली वेगळी चासी आहे आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसतात, म्हणून गंजलेला एखादा भाग काढून दुरुस्त करता येतो. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली, इटलीच्या मिकेलॉट्टींनी रेखलेली.

“हे बघा मामा, परत फुगलं,” ताई पेट्रोलच्या पाइपचा तुकडा दाखवतात. रबर मऊ पडलंय, कडेला चिरा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत आणि कार्बोरेटरच्या भांड्यात गंज धरतो. ताईंनी इथेनॉल सोसणारा नवा पाइप आणलाय. इंजिन थोडं उपाशी चालतं म्हणून एक नंबर मोठा जेटही आणलाय. फुंकर मारून त्या तो उजेडाला धरतात, भोकातून पलीकडचं दिसतंय का बघतात आणि मग बसवतात.

हे असलं संकट हेराल्डला पहिलं नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकी वाचत होत्या. हेराल्डचं हेड बिडाचं, बैठकी त्यातच कातलेल्या. त्या झिजू लागल्यावर ताईंच्या वडिलांनी कठीण पोलादाच्या रिंगा बसवून घेतल्या. इंधन दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा गाडीला नव्या इंधनाशी जुळवून घेणारं माणूस घरात होतं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

ताईंच्या पिशवीत कागदांची फाइलही आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ताईंचं अजून ठरत नाही. “बाबा हिच्यातनं रोज दवाखान्यात जायचे. मलाही महिन्यातून दोनदा तरी जायचंय.”

‘मूळ रूप’ शब्द निघाला आणि जीपवाला पुढे सरकला. कागलकडचा शेतकरी, तिशीतला. त्याची जीप महिंद्राची सीजे थ्री बी. आतल्या उंच इंजिनासाठी बॉनेटही उंच केलेली ती जात. त्याला रुंद टायर आणि ताकदवान डिझेल इंजिन हवंय.

“मामा, मूळ मूळ करून काय पूजा करायची व्हय? चिखलातनं निघाली पायजे.”

“निघू दे की. कोण नको म्हणतंय?” मामा चाकाशी बसतात, ड्रमवर पान्याने ठोकतात. “चारी ड्रम हायत भावा. पळायची ताकद वाढवायच्या आधी थांबायची वाढव. आणि इंजिन बदलायचं तर आरटीओचा कागद आधी आण.”

कायदाही या बाजूला कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. गडी थोडा हिरमुसतो, पण लगेच चाकाजवळ बसून ब्रेकशूची जाडी बघू लागतो. मारुतीवाला पोरगाही कान देऊन ऐकतोय. त्याला चार गिअरच्या जागी पुढच्या मॉडेलमधला पाच गिअरचा बॉक्स बसवायचाय. त्याची ८०० त्याच्याहून वयाने मोठी आहे.

“चला सर, बघू आता,” मामा हाक देतात.

एल्बोचे बोल्ट आळीपाळीने आवळले जातात. एकदम एकच आवळला तर तोंड वाकडं बसतं. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट जातं. सर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढतात, फिलर गेजची पाती पॉइंटमध्ये सरकवतात. फट अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत. पाती ओढताना जरा अडायला हवी, अडकायला नको. मामा तिथेच उभे आहेत, पण हात लावत नाहीत. मग प्लगच्या वायरी. सर पुटपुटत लावतात: एक, तीन, चार, दोन. पोरगा त्यांच्यामागून तेच पुटपुटतो. सिलिंडर याच क्रमाने पेटतात. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी नुसती फटफटते.

“चावी मारा सर.”

सेल्फ घुमतो. इंजिन फिरतं, पेटत नाही. मामा पेट्रोल पंपाची दांडी हाताने चारपाच वेळा दाबतात. चोक ओढलेला. पुन्हा चावी. एक ठोका, दुसरा, मग चारही सिलिंडर जागे होतात आणि शेडचा पत्रा थरथरतो. कोणीतरी शिट्टी मारतं. मामांचा चेहरा मात्र हलत नाही. ते कान इंजिनाकडे लावून हात वर करतात: रेस दे... बास. स्क्रूड्रायव्हरने स्लो सेट करतात. टॅपेटचा बारीक आवाज येतोय. तो थंड झाल्यावर बघायचा.

आता खरी परीक्षा एल्बोची. सगळे त्याच्याकडे टक लावून आहेत. तापमानाचा काटा हळूहळू चढतोय. सर रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावतात, गार. थोड्या वेळाने पुन्हा लावतात आणि झटक्यात मागे घेतात. थर्मोस्टॅट उघडला, पाणी फिरू लागलं. काटा मधोमध येऊन स्थिरावतो. जोडावर एक थेंब नाही. मामा पांढरी चिंधी जोडाभोवती फिरवतात आणि कोरडी चिंधी सगळ्यांना दाखवतात. सरांचे डोळे पाणावलेत आणि ते लपवत नाहीत.

इथे उभं राहून मला एक गोष्ट पक्की दिसते. जुन्या गाडीच्या छंदाला लोक पैशाचा किंवा आठवणींचा छंद समजतात. पैसा लागतोच आणि आठवणीही असतात. पण पद्मिनी आज चालू झाली ती पॅटर्नवाल्याला श्रिंकेज कळतं, लेथवाल्याने सुट्टीच्या दिवशी मशीन सुरू केलं आणि मामांनी सरांच्या हाताला फटीचं माप शिकवलं म्हणून. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक बाहेर पडते तेव्हा तिला बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. त्या गर्दीतल्या कौतुकाचा थोडा वाटा या गल्लीतल्या हातांनाही मिळायला हवा. गाडी जपणाऱ्याने दुरुस्तीला नुसते पैसे दिले तर एक गाडी टिकेल. शेजारी उभं राहून शिकून घेतलं तर विद्या टिकेल.

सर लेथवाल्याला थांबवतात. “पॅटर्न तयारच आहे. अजून सहा ओतून घ्या. सांगलीत दोघं आहेत, इचलकरंजीत एक, पुण्यात तर विचारूच नका. सगळ्यांचे एल्बो आज ना उद्या जाणार.” लेथवाला मान डोलावतो. मारुतीवाला पोरगा वही काढून पॉइंटची फट, आवळायचा क्रम, एल्बोची मापं उतरवून घेतो. मामा त्याच्या वहीत डोकावतात, एक आकडा दुरुस्त करतात आणि बारा-तेराचा पाना त्याच्या हातात देतात.

“लिहून झालं न्हवं? मग घुस खाली. तुझा बॉक्स तूच उतरायचा. मी नुसता बघणार.”