पाकिटातला फोन

गडहिंग्लजमध्ये एका जप्तीला मला पंच म्हणून बोलावलं होतं. प्रकरण व्हॉट्सॲपवरून आलेल्या धमकीचं. टेबलावर संशयिताचा फोन, चालू पण लॉक. एक शिपाई दुसऱ्या मोबाईलवर सगळं चित्रित करत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं.

हवालदारांनी *#०६# दाबून आयएमईआय उतरवून घेतला. दोन सिमचा फोन, म्हणून पंधरा आकडी दोन क्रमांक. मग एअरप्लेन मोड. फोन बंद मात्र केला नाही, आणि खरं कसब तिथेच होतं. सुरू झाल्यापासून लॉक एकदा जरी उघडलेलं असलं, तर डेटा उलगडणाऱ्या किल्ल्या मेमरीत असतात. फोन बंद केला की त्या जातात. मग इस्रायलच्या सेलेब्राइटचं यूएफईडी असो की स्वीडनच्या एमएसएबीचं एक्सआरवाय, पुष्कळदा हात टेकतात. चालू ठेवावा तर दुरून पुसला जाण्याची भीती. म्हणून लहरी अडवणारी फॅराडे पिशवी, आणि वाटेत बॅटरी संपू नये म्हणून आत पॉवर बँक.

“साहेब, ह्यातच पोरीच्या शाळंचं मेसेज येत्यात,” संशयिताची बायको म्हणाली.

“वहिनी, आता ह्याला कुणालाच हात लावता येत नाही.”

घरात फोन एकच. धमकीबरोबर पोरीची शाळा, पतसंस्थेचे ओटीपी, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळंच पाकिटात गेलं. यंत्र शक्य तेवढं सगळं उपसतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं आहे. तेव्हा कोणाशी झालेलं, कोणत्या तारखांमधलं संभाषण हवं, हे प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्रातच लिहिलेलं असावं, असं मला ठामपणे वाटतं.

लाखेची मोहोर, लेबलावर आमच्या सह्या, मुद्देमालाच्या वहीत नोंद, पुढे कोल्हापूरची न्यायसहायक प्रयोगशाळा. तिथे प्रत काढली की तिचा हॅश काढतात. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची ओळ असते. प्रतीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ओळ पार वेगळी येते. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा हॅश नमूद करावा लागतो. जुन्या कायद्यातही असं प्रमाणपत्र होतंच, आणि ते अनिवार्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलं, तेही आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात.

पण हॅश जेव्हा काढला, त्यानंतरचीच हमी देतो. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये जप्तीआधीच दुरून फायली घुसवल्या गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. बचाव पक्षामार्फत लॅपटॉपची पूर्ण प्रत हाती आली, म्हणून त्यांना ते तपासता आलं. गडहिंग्लजच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या आरोपीच्या वकिलालाही नुसती अहवालाची छापील पानं नव्हे, तर हॅशसकट संपूर्ण प्रत मिळायला हवी.